सराव आणि संमती

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेली गाडी वर्धा नदी ओलांडते आणि विरूर, सिरपूर-कागजनगर, आसिफाबाद रोड ही स्थानके मागे टाकीत तेलंगणातील बेल्लमपल्लीच्या जवळ येऊ लागते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या परमुलखातील प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरतो तो कोळसा : रुळांलगतची काळवंडलेली जमीन, भरलेल्या वाघिणींची लांबच लांब रांग, निसर्गाने न घडविलेल्या मातीच्या टेकड्या आणि एकाच नमुन्यावर बांधलेली कामगारांची घरे. त्याच डब्यातून उतरणाऱ्या बेल्लमपल्लीच्या रहिवाशाला विचारावे, तर यांतले काही आपण आज पाहिले असे त्याला शपथेवर सांगता येणार नाही; त्याने पाहिलेले असते ते कांटा चौरस्त्याकडे जाणारे वाहन, एखादा ओळखीचा चेहरा आणि फार तर आभाळाचा रंग. दोघांचेही डोळे निकोप आहेत आणि दोघांपुढचे दृश्यही एकच आहे. असे असता एकाला जे ठळक दिसते ते दुसऱ्याला दिसतच नाही, हे कसे घडते, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा मनुष्याच्या शरीरावर व चित्तावर होणारा परिणामही ती न दिसल्यामुळे नाहीसा होतो काय, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. परिसर-मानसशास्त्र नावाची जी शाखा गेल्या पाऊणशे वर्षांत आकारास आली, तिचा पुष्कळसा उद्योग या एका प्रश्नाभोवती फिरतो.

उदाहरणासाठी बेल्लमपल्लीच का निवडावे, याचे कारण उघड आहे. शेतकऱ्याचे गाव शेकडो वर्षांच्या अवधीत, पाणी, वारा आणि जातगोत यांच्या कलाने हळूहळू घडते. खाणीचे गाव मात्र जमिनीखालच्या कोळशाच्या थराने ठरविलेल्या जागी, दप्तरात आखलेल्या नकाशाप्रमाणे, एका पिढीच्या आत उभे राहते. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना 1871 च्या सुमारास येल्लंदूच्या बाजूस कोळसा आढळला, 1886 साली लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली, 1920 साली तिला सिंगरेणी कोलियरीज हे नाव मिळाले आणि 1945 मध्ये निजाम सरकारने तिचे बहुसंख्य भाग खरेदी करून ती आपल्या अंमलाखाली आणली. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा होऊन दिल्ली व मद्रास जोडली गेली तो काळ आणि बेल्लमपल्लीच्या परिसरात खाणी सुरू झाल्या तो काळ जवळजवळ एकच. तो मुलूख तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि आज महाराष्ट्रात असलेले राजुरा व किनवट हे तालुकेही 1956 पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. म्हणून मराठी वाचकाला हा परिसर परका वाटण्याचे कारण नाही. 2016 साली आदिलाबादचे विभाजन होऊन बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात गेले.

मनुष्याचे वर्तन हे मनुष्य आणि त्याचा परिसर या दोहोंचे मिळून फळ असते, हे सूत्र कुर्ट लेविन यांनी मांडले होते; पण मानसशास्त्रज्ञ दीर्घकाळ प्रयोगशाळेच्या चार भिंतींबाहेर फारसे पडले नाहीत. लेविन यांचे शिष्य रॉजर बार्कर यांनी 1947 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस संस्थानातल्या ऑस्कलूसा या लहान गावी ठाणे दिले आणि तेथील माणसे दिवसभर काय करतात याची वर्षानुवर्षे टिपणे घेतली. त्यांतून त्यांना उमगले ते असे, की एखादे मूल पुढच्या तासाला काय करील हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या स्वभावाची चौकशी करण्यापेक्षा ते त्या वेळी कोठे असेल हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. प्रार्थनामंदिर, दुकान, शाळा ही प्रत्येक जागा आपापले वर्तन माणसांकडून वसूल करते. खाणीच्या तोंडाशी हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. पाळीचा भोंगा, हजेरी, दिवाघरातून मिळणारा टोपीवरचा दिवा, अंगावर बिडी-काडी नाही ना याची झडती, या क्रमातून जाता जाता घरी बडबड्या असलेला मनुष्य मितभाषी होतो आणि एरवी कोणाचे न ऐकणारा मनुष्य सरदाराचा हुकूम निमूट पाळतो. स्वभाव तोच असतो. जागेने मात्र त्यातला निराळा भाग पुढे आणलेला असतो.

खाली गेल्यावर इंद्रियांचा कारभारच बदलतो, आणि या ठिकाणी थोडे थांबणे अगत्याचे आहे. भूमीवर आपण मुख्यत्वे डोळ्यांवर जगतो; क्षितिज, उन्हाची तिरीप, सावलीची लांबी यांवरून दिशा, वेळ आणि अंतर यांचा अंदाज आपण नकळत घेत असतो. खाणीत क्षितिज नाही, सकाळ-संध्याकाळ नाही, आणि जे दिसते ते टोपीवरच्या दिव्याच्या वर्तुळापुरते. मान वळेल तिकडे जग उजळते आणि बाकीचे अंधारात बुडते. अपुऱ्या उजेडात वर्षानुवर्षे काम केल्याने खाणकामगारांची बुबुळे आपोआप थरथरू लागण्याचा एक विकार युरोपातील खाणींतून पूर्वी फार आढळत असे आणि उजेड सुधारताच तो मागे हटला. परिसर शरीरात कसा शिरतो याचे हे एक जुने प्रमाण आहे. डोळ्यांची सत्ता अशी आखडली की कान आणि त्वचा पुढे होतात. अनुभवी कामगार छताला सळईने ठोकून पाहतो; घट्ट खडकाचा खणखणीत आणि सुटलेल्या थराचा पोकळ आवाज यांतला भेद नवख्याला सांगूनही कळत नाही. लाकडी टेकू भार वाढला म्हणजे करकरतात, त्यांच्या तंतूंचा तडतडाट पूर्वसूचना देतो. म्हणूनच पोलादी आधार अधिक बळकट असूनही जुन्या कामगारांचा लाकडावरचा विश्वास पुष्कळ काळ टिकून राहिला. त्यांना बळकटीइतकीच वार्ताही हवी होती.

हवेचेही तसेच. वारा येत आहे की नाही हे खाणीत घामावरून कळते, आणि कायद्यानेही ही गोष्ट अंकांत बांधली आहे : ओल्या कापडाने वेढलेल्या तापमापीवरचा पारा कामाच्या जागी 33.5 अंशांपलीकडे जाऊ द्यावयाचा नाही, आणि तो 30.5 च्या वर असेल तर सेकंदाला निदान 1 मीटर वेगाने हवा खेळती ठेवावयाची, असा भारतीय कोळसा-खाण नियमांचा दंडक आहे. साध्या तापमापीऐवजी ओल्या तापमापीचा दाखला घेतला आहे यात मोठे शहाणपण आहे, कारण मनुष्याला जाणवते ते नुसते तापमान नव्हे, तर घाम वाळण्याची शक्यता. कोठे जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेला सिद्धांत आणि कोठे खाण-नियमांचे कलम. पण दोहोंतला विचार सारखाच आहे. प्राणी परिसरातले गुणधर्म सुटे सुटे पाहत नाही. येथे आपल्याला काय करता येईल आणि काय करता येणार नाही हे तो पाहतो, असे गिब्सनचे म्हणणे होते. छत म्हणजे कामगाराच्या दृष्टीने दगडाचा प्रकार नव्हे. त्याखाली उभे राहता येते की नाही, एवढेच त्याचे रूप.

परंतु इंद्रिये कितीही तल्लख झाली तरी त्यांची हद्द संपते. मिथेन वायूला रंग नाही, वास नाही. हम्फ्री डेव्ही यांच्या 1815 सालच्या सुरक्षादीपाची ज्योत त्या वायूत फिकट निळी टोपी धारण करते, म्हणून तो ओळखता आला. कार्बन मोनॉक्साइडही तसाच निःशब्द. ज्या धोक्याची वर्दी शरीर देऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत मनुष्याला उपकरणावर, आणि खरे म्हणजे ते उपकरण हाती धरणाऱ्या माणसावर, विश्वास टाकावा लागतो. परिसराचे आकलन हा केवळ डोळ्या-कानांचा व्यवहार नसून त्यात विश्वासाचाही मोठा वाटा असतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत बरीच उशिरा आली. खाणीतल्या माणसाला ती पहिल्या पाळीपासून ठाऊक असते.

आता वर येऊ. वरच्या जगातला धोका असा प्राणांतिक नसतो, आणि म्हणूनच तो लक्षातून निसटतो. वाळत घातलेल्या धुण्यावर बसणारी काळी पूड नव्याने नांदावयास आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यात डाचते. काही वर्षांनी तीच बाई धुणे आत कधी घ्यावयाचे याची वेळ न विचारता पाळू लागते आणि पुडीबद्दल बोलणे सोडून देते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी गॅरी एव्हान्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुरक्याने माखलेल्या दृश्यांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली, तेव्हा स्वच्छ हवेच्या गावांतून नुकत्याच आलेल्यांना धुरके जितक्या लवकर दिसे तितक्या लवकर ते जुन्या रहिवाशांना दिसत नसे. संवेदना ही फरकाची असते. जे अखंड आहे त्याची वार्ता मेंदू पुढे पाठवीत नाही. याला सराव म्हणतात, आणि सराव नसता तर मनुष्याला कोठेच राहता आले नसते, इतका तो उपकारक आहे. मात्र या उपकाराच्या आडून एक मोठी फसगत होते. लोक तक्रार करीत नाहीत, तेव्हा त्यांना त्रास नाही, असा निष्कर्ष दप्तरात नोंदला जातो. फुप्फुसे मात्र सरावत नाहीत.

कानांविषयी तर याचा पुरावाच उपलब्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून जाणाऱ्या लोहमार्गालगत एक शाळा होती. तिच्या एका बाजूच्या वर्गांत दर चार-पाच मिनिटांनी गाडीचा गडगडाट भरे, दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत असत. अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी 1975 मध्ये दाखवून दिले, की सहाव्या इयत्तेला पोहोचेतो गोंगाटाच्या बाजूची मुले वाचनात जवळजवळ एका वर्षाने मागे पडत होती. शिक्षक आणि मुले आवाजाला सरावली होती, गाडी आली की बोलणे थांबवावयाचे आणि गेली की पुढे चालू करावयाचे हे अंगवळणी पडले होते. पण थांबलेल्या त्या क्षणांची बेरीज होतच होती. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आच्छादन बसविले, आणि 1981 च्या पाहणीत हा फरक नाहीसा झालेला आढळला. बेल्लमपल्लीसारख्या गावी, जेथे दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या आणि कोळशाच्या वाघिणी अहोरात्र धावतात, तेथे शाळेच्या खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात ही क्षुल्लक बाब म्हणता येणार नाही. रात्रपाळी करून आलेला कामगार वैशाखातल्या दुपारी पत्र्याखाली झोपण्याचा यत्न करतो, त्या झोपेचा हिशेबही याच सदरात मांडला पाहिजे.

सगळे आवाज मात्र सारखे नसतात. भोंगा कर्कश असतो, तरी त्याचा कोणाला जाच होत नाही. स्वयंपाक, शाळा, बाजार हे सारे त्याच्या वेळांवर चालते. उघड्या खाणीतला सुरुंग मात्र दूर असूनही काळजात धस्स करतो. कायद्याने याही बाबतीत मोजमाप ठरविले आहे : कंपनीच्या मालकीची नसलेल्या राहत्या घरांपाशी जमिनीच्या हादऱ्याचा वेग, कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 पर्यंत 10 आणि त्यापुढे 15, याहून अधिक असू नये, असे खाण सुरक्षा महानिदेशालयाचे 1997 सालचे परिपत्रक सांगते. भिंतीला तडा जाण्यास जेवढा हादरा लागतो त्याच्या कितीतरी कमी हादरा मनुष्याच्या तळपायाला जाणवतो. त्यामुळे अधिकारी आपल्या यंत्रावरचा आकडा दाखवून सर्व काही मर्यादेत आहे असे सांगतो, गृहिणी फळीवरची थरथरणारी भांडी दाखवून घर पडेल असे सांगते, आणि दोघेही आपापल्या परीने सत्यच बोलत असतात. हा वाद मिटवावयाचा तर आणखी एक यंत्र आणून उपयोग नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1972 मध्ये ग्रंथबद्ध केलेले प्रयोग येथे मार्ग दाखवितात. त्यांनी लोकांना अवेळी, अनपेक्षितपणे मोठे आवाज ऐकविले. काहींच्या हाताशी एक कळ दिली, ती दाबली की आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नये, असे सांगितले. पुष्कळांनी कळ दाबलीच नाही. तरीही ज्यांच्या हाताशी कळ होती त्यांची नंतरच्या कामातली चिकाटी आणि अचूकता ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांच्याहून चांगली राहिली. आवाज तितकाच होता. फरक होता तो त्यावर आपला काही अधिकार आहे या जाणिवेचा. सुरुंगापूर्वी ठरल्या वेळी वाजणारा इशारा, वेळ बदलल्यास आधी फिरणारी दवंडी, तक्रार केली असता घरी येऊन भिंत पाहून जाणारा मनुष्य, या गोष्टींना खर्च थोडा येतो, पण हादऱ्याचे भय त्यांनी जितके कमी होते तितके दारूची मात्रा घटवूनही होईलच असे नाही.

गावाचा नकाशा माणसाच्या मनात कसा उमटतो, याचा अभ्यास केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांत करून 1960 मध्ये प्रसिद्ध केला. मार्ग, कडा, मोहल्ले, नाके आणि खुणा या पाच गोष्टींवर लोक आपले शहर मनात उभारतात, असे त्यांना आढळले. बेल्लमपल्लीत लोहमार्ग ही कड आहे, कांटा चौरस्ता हा नाका आहे, टिळक स्टेडियम ही खूण आहे. यांपेक्षा अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही, की खाणींच्या नंबरांवरून ज्या वस्त्यांना नावे पडली त्यांतल्या खाणी बंद झाल्या तरी नावे राहिली. मनातला नकाशा जमिनीवरच्या नकाशापेक्षा सावकाश बदलतो.

खाणी खरोखरच बंद होत गेल्या. गावाजवळचा सहज निघणारा कोळसा सरला, काम गोलेटीच्या बाजूस आणि अन्यत्र सरकले, भुयारी खाणींच्या जागी थोड्या मनुष्यबळात चालणाऱ्या उघड्या खाणी आल्या, आणि एके काळी पाळी सुटताना माणसांनी फुलणारे रस्ते ओस पडत गेले. बोस्टनमधील वेस्ट एंड हा जुना मोहल्ला पाडून तेथल्या लोकांना दुसरीकडे हलविण्यात आले, तेव्हा मार्क फ्रीड यांनी त्या कुटुंबांच्या मुलाखती घेऊन 1963 मध्ये लिहिले, की पुष्कळांचे दुःख एखादे माणूस गमावल्यावर होते त्याच जातीचे होते. पण गाव सोडूनच दुःख होते असे नाही. ऑस्ट्रेलियातील हंटर नदीच्या खोऱ्यात उघड्या कोळसा-खाणी पसरू लागल्या, तेव्हा ग्लेन ऑल्ब्रेक्ट या तत्त्वज्ञाला आढळले, की माणसे आपल्याच घरात, आपल्याच अंगणात बसून घरासाठी झुरत आहेत; ती कोठे गेली नव्हती, परिसरच त्यांच्या भोवतालून निघून गेला होता.

हे वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही, आणि ती विसरली जाते म्हणून मी ती आग्रहाने सांगतो. खाण बंद झाल्याचे दुःख करणारा कामगार ज्या जमिनीवर उभा आहे, तिच्यावर खाण येण्यापूर्वी अरण्य होते आणि त्या अरण्यात गोंड व कोलाम नांदत होते. निजाम राजवटीत जंगलांची राखीव हद्द आखली गेली, त्यांची शेते आणि पाडे त्या हद्दीत सापडून उठविले गेले, आणि त्या झगड्यात 1940 साली जोडेघाट येथे गोंडांचे पुढारी कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारच्या वतीने चौकशीस आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ मार्लवाई या गोंडांच्या गावी राहिले आणि जमिनीपासून तुटलेल्या या समाजाचे चित्र त्यांनी आपल्या लेखनात नोंदविले. त्या वेळी हे दुःख कोणत्याही मानसशास्त्राच्या खात्यात जमा झाले नाही. एकच टेकडी एकाची देवभूमी, दुसऱ्याची भाकरी आणि तिसऱ्याच्या दप्तरातला घनमीटरांचा आकडा असते. परिसराचे मूल्य ठरविताना यांपैकी केवळ शेवटचा साक्षीदार बोलाविणे हा न्याय नव्हे.

परिसर माणसाला बाधतो तसा सावरतोही, म्हणून वृक्षांविषयी थोडे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या 23 जोड्या रॉजर उल्रिक यांनी तपासल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. संख्या लहान आहे, तेव्हा या एका पाहणीवर मनोरे रचू नयेत. तथापि पुढच्या अनेक अभ्यासांचा कल त्याच दिशेचा आहे. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांवर रोपे लावली जातात ती आवश्यकच आहेत. परंतु दूरच्या ढिगावरच्या लागवडीचे क्षेत्रफळ आणि क्वार्टरच्या दारातला कडुनिंब यांची बरोबरी होत नाही, कारण रात्रपाळीवरून आलेल्या माणसाचे डोळे विसावतात ते कडुनिंबावर.

या सर्व विवेचनातून माझे म्हणणे एवढेच आहे, की मनुष्य परिसराला सरावतो तेव्हा त्याने त्या परिसराला संमती दिली असे धरून चालता येत नाही. संमती विचारावी लागते, आणि सराव होण्यापूर्वी विचारावी लागते. तशी सोय कायद्यात आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीस पर्यावरणविषयक मंजुरी देण्यापूर्वी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली जागेवरच किंवा तिच्या निकट जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तिची निदान 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश राज्याच्या भाषेत लोकांना पाहावयास ठेवावा लागतो. 2009 पासून खाण बंद करतानाची योजनाही आधीच तयार करावी लागते. या सुनावण्यांत धूळ, पाणी आणि नोकऱ्या यांविषयी बोलले जाते, ते योग्यच आहे. त्याबरोबरच शाळेच्या खिडक्या, सुरुंगाची वेळ, पाडल्या जाणाऱ्या खुणा, दारातली झाडे आणि गोंड-कोलामांच्या देवस्थानांच्या वाटा यांविषयीही विचारले गेले पाहिजे, आणि सारांश केवळ तेलुगूत न ठेवता गोंडी, कोलामी व मराठी बोलणाऱ्यांना तो समजावून सांगणारा मनुष्य तेथे बसविला पाहिजे. चंद्रपूर, वणी, राजुरा किंवा बेल्लमपल्ली यांपैकी कोठेही राहणाऱ्या वाचकाने अशी नोटीस वर्तमानपत्रात पाहिली, तर त्या दिवशी तेथे जावे, आपले म्हणणे मांडावे आणि ते इतिवृत्तात उतरले आहे याची खात्री करूनच परतावे.